उत्तरपूजा राहिलेला सर्व्हर

अरे, आमचं ऑफिस जुन्या हुबळीतून गोकुळ रोडला गेलं, तेव्हाची गंमत ऐक. सगळ्यांचा कोड जिथे जमा होतो त्या रेपॉझिटरीसाठी नवा सर्व्हर घेतला आणि प्रत्येकाला बजावलं, आपापल्या मशीनवर रिमोटचा, म्हणजे कोड जिथे पाठवायचा त्या सर्व्हरचा, पत्ता बदला.

उद्या गिऱ्हाईक येणार, आणि धारवाडला घरून काम करणाऱ्या सुमाअक्काचा कोड नव्या सर्व्हरवर नाहीच! फोन लावला.

"अक्का, पत्ता बदलला नाहीस ना?"

"कशाला बदलू? रोज पाठवते, रोज पोचतो की!"

पोचतो? जुना सर्व्हर बंद करायला जुन्या ऑफिसच्या घरमालक अप्पांना सांगून आलो होतो! स्कूटर काढून तिकडे पळालो. बघतो तर झेंडूच्या हारासकट तो आपला सुरूच.

"अप्पा, बंद का नाही केलात?"

"खंडेनवमीला त्याची पूजा तुम्हीच केलीत आणि उत्तरपूजा न करताच सामान हलवलंत. बसलेल्या देवाला मी कसा उठवू?"

अक्काचा सगळा कोड उतरवून घेतला, तिला फोनवरच पत्ता बदलायला लावला. मग अप्पांनी सर्व्हरवर अक्षता टाकल्या, हात जोडले आणि म्हणाले, "आयतु, झालं! आता काढ वायर."