घंटेआधी गाडी

मंडळी, बसा नीट. ज्यांना पाय पसरायचेत त्यांनी पसरा. देवाला काही वाटत नाही, पुढच्याच्या पाठीला वाटेल तेवढंच! आता मला एक सांगा — चांगलं काम करताना माणसाच्या हातून वाईट होतं का? होत नाही म्हणता? बरं. तुम्ही तुळस लावलीत. फार चांगलं केलंत. पण लावलीत शेजारणीच्या उंबऱ्यात! मग पुण्य तुमचं, आणि उड्या मारायच्या तिनं. होय की नाही? तर मग ऐका गारवडीची गोष्ट.

गारवडीला टेकडीवर धर्मादाय दवाखाना. चढ असा उभा, की शेळीसुद्धा मध्ये दोनदा बसून घ्यायची! हा दवाखाना बांधला थोरल्या ओगले डॉक्टरांनी. त्या काळी नर्सबाया, आया, कंपाउंडर — सगळे एका बैलगाडीतून यायचे. गाडी दवाखान्याची, बैलही दवाखान्याचे. त्यातला पवळ्या तर एवढा शहाणा, की प्रत्येकीच्या दारात आपण होऊन थांबायचा, आणि जी आजारी असेल तिच्या दारात थांबायचाच नाही. नाडी न बघता कळायचं त्याला! पेटीवाले हसताहेत. हसा. थोडं मीठ घातल्याशिवाय वरणाला चव नाही.

पण गाडीतली गंमत मात्र खरी हो. जाता जाता कुणाची भाजी निवडून व्हायची, कुणाच्या भाचीचं लग्न जमायचं. चढ लागला की बैलांना त्रास नको म्हणून सगळ्या खाली उतरायच्या, गाणं म्हणत चाकाला हात लावायच्या. ते गाणं वर खाटेवर ऐकू गेलं, की पेशंट म्हणायचे, आल्या बायका. निम्मा ताप तिथंच उतरायचा.

गेले ते दिवस. पवळ्या गेला, थोरले डॉक्टर गेले. ज्याची त्याची फटफटी आली, कुणाची मोटार आली. अंगणात जिथं पेशंटची माणसं भाकरी सोडून बसायची, तिथं नुसत्या गाड्या. आणि अंगणाच्या कडेला वॉर्ड कुठला? दमेकऱ्यांचा! आत माणूस नळी लावून श्वास ओढतोय, आणि खिडकीबाहेर त्याचीच नर्स किक मारतेय. औषधही आपणच, आजारही आपणच! एवढ्या वैशाखात एक म्हातारे म्हणाले, खिडकी लावून घ्या, उकडून मेलो तर चालेल, धुरानं नको.

ते ऐकलं थोरल्यांच्या मुलानं, डॉक्टर मुकुंदांनी. आता दवाखाना तेच बघत होते. माणूस सज्जन, मनाला लागलं. सगळ्यांना बोलावलं, वडिलांच्या बैलगाडीची आठवण सांगितली, सांगता सांगता डोळे भरून आले. आणि नियम केला — नोकरमाणसांची एकही गाडी फाटकातून आत येणार नाही. चालत या, सायकलनं या, एस.टी.नं या. ड्युटी मात्र सातलाच. उशीर करणाऱ्यानं घरी बसावं.

नियम चांगला? चांगलाच! आणि डॉक्टर राहायचे कुठं? फाटकाच्या आत, बंगल्यात. घरातल्या सपाता घालून ओपीडीत यायचे!

मग काय झालं? नोकरमाणसांनी गाड्या लावल्या टेकडीखाली मारुतीच्या देवळामागं. तिथल्या नळावर तोंडाला पाणी मारायचं, म्हणजे घाम आल्यासारखं दिसतं, आणि हाशहुश करत फाटकातून आत. डॉक्टर रोज वरून बघायचे, त्यांना वाटायचं, बाबांचा काळ परत आला. शेवटी देवळाचा गुरव तक्रार घेऊन आला, की आमचा मारुती आता खोकायला लागलाय. मग मात्र डॉक्टर चिडले. टेकडीखालीसुद्धा माणूस उभा केला.

जवळचे आले चालत, कुरकुरत. अडली एकच. यमुना खैरमोडे.

यमुना दमेकऱ्यांच्या वॉर्डची सिस्टर. तिनं पाठीवर हात ठेवला की श्वास लागलेला माणूस शांत व्हायचा. राहायची नदीपल्याड पाणसऱ्याला. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं आवरून यमुना मोपेडवर बसायची आणि सातच्या ठोक्याला हजर. आता मोपेड बंद. आणि पाणसऱ्याची एस.टी. यायची सात वाजून गेल्यावर. त्याआधी चालत निघावं, तर सासूच्या तोंडात घास कोण घालणार?

ती डॉक्टरांकडे गेली. भांडली नाही. महिनाअखेर नोकरी सोडते म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं, ज्या वॉर्डसाठी एवढं केलं, त्याच वॉर्डातून ही चालली. समजुतीनं म्हणाले, "यमुनाबाई, बाबांच्या वेळी सगळे वेळेवर यायचेच ना हो? पाणसऱ्याहूनसुद्धा यायचे."

"यायचे ना. माझी सासूच यायची, आया होती इथं," यमुना म्हणाली. "पण साहेब, तिला न्यायला गाडी यायची."

 

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता डॉक्टर पाणसऱ्याला गेले. कसे गेले? मोटारीनं! नियम करणाऱ्याला नियम सगळ्यात उशिरा लागतो, मंडळी. पण एक बरं केलं, मोटार परत पाठवून दिली.

यमुना सासूला पेज भरवत होती. म्हातारीचं नाव अनसूया. अंग थकलेलं, जीभ नव्हे. डॉक्टरांना निरखून म्हणाली, "मुकुंदा ना रे तू? अगदी बापावर गेलायस. फक्त तो वाट बघायचा."

"कशाची, अनसूयामावशी?"

"आमची रे."

एवढं बोलून तिनं पुढच्या घासाला तोंड उघडलं.

पेज संपली, तोंड पुसलं, उशी सरळ केली. यमुना आणि डॉक्टर फाट्यावर येऊन उभे राहिले. एस.टी. आली ती खच्चून भरलेली. गारवडीला उतरले, चढ चढायला लागले. अर्ध्यावर डॉक्टरांचाच श्वास लागला, आणि यमुनेनं पाठीवर हात ठेवला. तिथं उभं असताना त्यांना ते आठवलं.

व्हरांड्यात घंटेची दोरी धरून उभे असलेले बाबा. घड्याळात सात वाजून गेलेत, क्लार्क चुळबुळतोय. बाबा बघताहेत खाली, रस्त्याकडे. गाडी वर आली. सगळ्यात शेवटी अनसूया उतरली, पाणी प्याली, पदर खोचला — आणि मग बाबांनी घंटा वाजवली. त्या दवाखान्यात कुणाला उशीर व्हायचाच नाही, मंडळी! कारण गाडी आली की सात वाजायचे!

मुकुंद डॉक्टरांना बैल आठवत होते, गाणी आठवत होती. एवढंच तेवढं विसरले होते.

फाटकाशी पोचले तर पहारेकरी आडवा. खाली मान घालून म्हणाला, "साहेब, उशीर झालाय. तुम्हीच सांगितलंय." डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे तुझं. आणि यमुनेबरोबर बाहेरच्या कट्ट्यावर बसले.

तिथंच सगळ्यांना बोलावलं. या वेळी सांगितलं काही नाही, नुसतं विचारलं — कोण कुठून येतं, घरी कोण असतं, निघायला कधी जमतं. त्यातून नवा नियम झाला. लांबच्यांसाठी दवाखान्याची एकच बस, गावोगाव फिरून आणणारी. ती वर आली की ड्युटी बदलायची, आणि रात्रपाळीच्या बाया त्याच बसनं घरी. जवळच्यांनी पायी किंवा सायकलनं. सायकली ठेवायला जागा? डॉक्टरांच्या मोटारीचं गॅरेज! मोटार गेली विकायला.

यमुना राहिली. सासूला पेज भरवून बसमध्ये चढते. आणि त्या वॉर्डाच्या खिडक्या आता सताड उघड्या असतात.

तर मंडळी, जुने दिवस चांगले होते म्हणून आपण सुस्कारे टाकतो. पण ते आपोआप चांगले नव्हते हो. कुणीतरी कुणासाठी थांबत होतं. तुमच्या घरी कामाला येणारी बाई उशिरा आली की तुम्ही घड्याळ दाखवता. ती कुठून येते, कशी येते, ठाऊक आहे का?

आता कीर्तन संपलं की सगळे एकदम फटफट्या चालू कराल, आणि एकेकजण एकेकटा घरी जाल. ते नको. आत्ताच शेजारच्याकडे वळा आणि विचारा, तुम्ही कुठल्या वाटेला? कुणाला सोबत हवी? हं, विचारा की. लाजता कशाला? तबकातली वात मी लावलेली नाही अजून. तुमचं ठरू द्या सगळ्यांचं, मग करू आरती.