अमोंगिन मॅडमचा अर्धविराम

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या प्रकाशनसंस्थेचे व्यवस्थापकीय संचालक श्री. लुब्वामासाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या कर्मचारी विभागाच्या प्रमुख कोबुसिंग्ये मॅडम, सोरोटीहून पहाटेची बस पकडून आलेले प्रमुख पाहुणे हेडमास्तर ओकिरोर, त्यांच्या पत्नी असलेल्या आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती हेलेन अमोंगिन, छापखान्यातले, गोदामातले आणि संपादन विभागातले माझे सहकारी, आणि पुलाव गार होतोय म्हणून दारातून माझ्याकडे काळजीनं बघणाऱ्या कँटीनच्या बाई, आपणा सर्वांना मुख्य संपादक बेनॉन तुमुहेइर्वेचा नमस्कार.

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. सोबत एक कागदही दिला आहे. कोबुसिंग्ये मॅडमनी काल तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "बेनॉन, गोड बोला हं. सेवेबद्दल बोला, स्वभावाबद्दल बोला. ऑफिसात येण्याच्या हुकमाचा विषय तेवढा नको." कागद छान टाईप केलेला आहे. त्यात अमोंगिन मॅडमना 'मनमिळाऊ' म्हटलं आहे. आता या सभागृहात बावीस वर्षांत ज्याचं ज्याचं प्रूफ त्यांच्या हातून परत आलं, त्यानं सांगावं, मनमिळाऊ? बघा, हेडमास्तरसुद्धा हसले. तेव्हा हा कागद मी खिशात घालतो.

त्या इथे आल्या कशा, हे नव्या मंडळींना ठाऊक नसेल. सोरोटीजवळच्या एका शाळेत त्या पहिलीला शिकवत होत्या. आपण त्यांच्या आतेसो भाषेतलं पहिलीचं पुस्तक छापलं आणि महिन्याभरात त्यांचं पत्र आलं. नऊ पानी. चाळीस पानांच्या पुस्तकातल्या एकसष्ट चुका, पान आणि ओळ देऊन. शेवटी एकच कौतुकाचं वाक्य होतं, "चित्रं बरी आहेत." तेव्हाचे संचालक म्हणाले, "या बाईला एक तर कोर्टात खेचा, नाही तर नोकरी द्या." नोकरी दिली, म्हणून पुस्तकं वाचली.

त्या पत्राला उत्तर लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यात मी प्रथम मॅडमचा अर्धविराम पाहिला. आपण जिथे 'आणि' लिहितो, 'पण' लिहितो, 'म्हणून' लिहितो, तिथे मॅडम नुसता एक अर्धविराम ठेवतात आणि पुढे चालू लागतात. वाचणाऱ्यानं मागून धावत यायचं. आमच्या अन्कोलेत गुराखी पुढे जाणारी गाय तिच्या चालीवरून ओळखतो. मी मॅडमचं वाक्य तसं ओळखतो. हे मोठ्या अभिमानानं सांगतोय असं वाटेल तुम्हाला. थोडं थांबा.

नोकरी इथे कंपालात आणि संसार सोरोटीत. सोळा वर्षं. दर दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळची बस, रविवारी परतीची. हेडमास्तर, तुम्ही एकदा मला म्हणाला होतात, "आमचं लग्न झालंय ते बसस्टँडवरच्या लोकांना जास्त माहीत आहे." मी तेव्हा हसलो होतो. माझी बायकोही गावी इबांडाला, केळीच्या बागेत एकटीच होती, पण आम्ही पुरुष अशा गोष्टी हसण्यावारी नेतो.

मग साथ आली. शाळा बंद, टॅक्सी बंद, शहर बंद. प्रत्येकाच्या हातात एकेक कॉम्प्युटर दिला आणि सांगितलं, घरी जा. मॅडम सोरोटीला गेल्या, अचोली भाषेची आपली संपादक ग्रेस लाकेर गुलूला, मी इबांडाला. ज्याची जी भाषा, तो त्या भाषेत जाऊन बसला. मॅडम ओसरीवर बसून तिसरीचं गणित तपासत आणि शाळा बंद म्हणून रिकामी हिंडणारी पोरं समोर येऊन बसत. एकदा त्यांनी एक उदाहरण मोठ्यानं वाचलं. पाच आंबे होते, दोन दिले, तीन उरले. पोरं एकमेकांकडे बघून तोंडं वाकडी करायला लागली. एक मुलगी शेवटी म्हणाली, "काकू, ते तीन आंबे आधी कुणी चाखले?"

चाखले? मॅडमनी चौकशी केली. 'उरलेले' म्हणून आपण जो शब्द छापत होतो, त्याचा अर्थ गावातल्या पोरांच्या लेखी 'उष्टे' असा झाला होता. चौदा वर्षं आपण सोरोटीकडच्या तेसो मुलांना उष्ट्या आंब्यांची वजाबाकी शिकवत होतो! या इमारतीत, या पंख्याखाली, एकाला तरी ते कळलं होतं? मला नाही कळलं. त्या दोन वर्षांत एकट्या आतेसोच्या पुस्तकांत असे अडतीस शब्द बदलले. लाकेरनं अचोलीचं अख्खं वाचन-पुस्तक बाजारातल्या बायकांना ऐकवून नव्यानं लिहिलं. शिक्षकांची तक्रारपत्रं येतच नाहीत म्हणून आमचा टपालवाला मला विचारत होता, "साहेब, पुस्तकं छापायची बंद केलीत का?"

लुब्वामासाहेब, श्रेय द्यायला हवं तिथे मी देतो. साथ सरली त्या वर्षीच्या नाताळच्या जेवणाला तुम्ही याच जागी उभे राहून म्हणालात, "आम्ही कामाला माणसं ठेवली आहेत, खुर्च्या भरायला नाही. जिथे भाषा आहे तिथे संपादकानं राहावं." आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत. जेवणाच्या रांगेत तुम्हाला गाठून त्या म्हणाल्या, "साहेब, लेखी द्याल?" तुम्ही हसलात, आणि लेखी दिलंत. तुमच्या सहीचं पत्र आम्हा सगळ्यांकडे आहे. त्या पत्राच्या भरवशावर मॅडमनी इथली खोली सोडली. हेडमास्तरांनी कंपालात बदलीसाठी केलेला अर्ज मागे घेतला. घराला एक खोली वाढवली, खिडकीपाशी टेबल लावलं. सोळा वर्षांनी ही दोन माणसं रोज एका ताटापाशी बसायला लागली.

ते पत्र तीन वर्षं चाललं.

या जानेवारीत हुकूम आला. सगळ्यांनी आठवड्याचे पाचही दिवस इथे यायचं, हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवायचं. कारण काय? तर 'एकत्र बसल्यानं परस्पर विश्वास वाढतो.' आम्ही विचारलं, पुस्तकं बिघडली का? वेळेवर आली नाहीत का? उत्तर नाही. खरं कारण मला आजही ठाऊक नाही. मुख्य संपादक असून ठाऊक नाही. मॅडम मुकोनोला मावसबहिणीकडे पाहुण्यासारख्या राहायला लागल्या. पहाटे निघून इथे येत आणि बसायला जागा शोधत. कारण संपादन विभागात माणसं बत्तीस आणि खुर्च्या एकोणीस. लाकेर तर पंधरा दिवस कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून काम करत होती.

कुरकुर वाढली तेव्हा कोबुसिंग्ये मॅडमनी एक पाहणी केली. इथेच उभ्या राहून म्हणाल्या, "नाव नाही, गाव नाही. मनातलं मोकळेपणानं लिहा. कोण काय म्हणालं, हे कुणालाही कळणार नाही." बत्तीस जणांनी लिहिलं. तीन आठवड्यांनी अमोंगिन मॅडमना वर बोलावणं आलं. टेबलावर त्यांचं उत्तर होतं आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं त्यांचं नाव.

साहेबांनी विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

"उत्तर मी लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "नाव मी लिहिलं नव्हतं, ते तुम्ही लिहिलंत."

काय लिहिलं होतं त्यांनी? मला पाठ आहे. "खुर्च्या एकोणीस आहेत; माणसं बत्तीस आहेत; बसायला बोलावलं आहे; बसणं हे कारण नाही; खरं कारण सांगायची तुमची तयारी नाही; माझा तुमच्यावर विश्वास नाही."

तुम्ही म्हणाल, बेनॉनला हे पाठ कसं?

चिठ्ठी आली माझ्याकडे. 'वेळ संपली.' धन्यवाद, कोबुसिंग्ये मॅडम. मला अजून थोडा वेळ लागेल.

मंडळी, ती बत्तीस उत्तरं खरोखरच निनावी होती. कोबुसिंग्ये मॅडमनी त्या बाबतीत खोटं सांगितलं नाही. मार्चच्या एका दुपारी साहेबांनी मला वर बोलावलं, चहा मागवला, गठ्ठा पुढे सरकवला आणि म्हणाले, "बेनॉन, तुम्ही यांचं लिखाण इतकी वर्षं तपासताय. तुम्हाला तर प्रत्येकाची लकब ठाऊक असेल. गंमत म्हणून, हे कुणी लिहिलं असेल?" आणि मी सांगितलं. कुणी धमकावलं नाही मला. मला माझ्या हुशारीच्या गुदगुल्या झाल्या. हा स्वल्पविराम अमक्याचा, हा 'तथापि' तमक्याचा. लाकेर, तुझं उत्तर मी तिसऱ्या शब्दाला ओळखलं. आणि अर्धविरामांचं ते उत्तर समोर आलं, तेव्हा ते वाचून संपण्याआधीच मी नाव घेतलं. चहा संपेपर्यंत बत्तीसपैकी सव्वीस नावं मी साहेबांना दिली. पेन्सिल माझीच होती. आठवड्यानं मला पत्र मिळालं. मुख्य संपादकांना महिन्यातले दहा दिवस इबांडाहून काम करण्याची खास सवलत.

नाही, साहेब, मी बसणार नाही. तुम्ही "बेनॉन, खाली बसा" म्हणालात ते मागच्या रांगेतल्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगतो. साहेब म्हणताहेत, खाली बसा. मी उभा आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. मॅडमना ताकीद दिली गेली. मग माफीचा मसुदा दिला गेला. 'रागाच्या भरात लिहिलं, त्याबद्दल खेद वाटतो.' सही केली की प्रकरण मिटेल, असं सांगितलं. मॅडमनी तो मसुदा घेतला, लाल पेननं त्यातल्या तीन चुका दुरुस्त केल्या, सहीची जागा कोरी ठेवली आणि परत पाठवला. खाली लिहिलं, "मी रागात नव्हते." दुसऱ्या दिवशी राजीनामा. राजीनाम्यात एकही चूक नाही, मी तपासला.

गेल्या शनिवारी मी सोरोटीला गेलो. सात तास बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. मॅडम ओसरीवर भुईमूग सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "बसा. मला माहीत आहे."

मी म्हटलं, "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? त्या इमारतीत माझं वाक्य ओळखणारा दुसरा आहे कोण?"

मी बसलो. म्हटलं, "मॅडम, मला क्षमा करा."

तेव्हा त्या चिडल्या. बावीस वर्षांत इतक्या चिडलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. "माझ्याकडे काय मागता? मला तर माहीतच होतं. नावं फुटली हे कळलंय, पण कुणी फोडली हे ज्या पंचवीस जणांना माहीत नाही, ते रोज एकमेकांकडे संशयानं बघताहेत. लाकेर जेवायला एकटी बसते, कारण तिला वाटतं शेजारच्या टेबलावरच्यानं नाव दिलं. त्यांना जाऊन सांगा. आणि माझ्यासमोर सांगा. मी निरोपाला येणार आहे." हेडमास्तरांनी मला जेवायला वाढलं. मॅडम भुईमूग सोलत राहिल्या. पण ताटात भाजी संपली तेव्हा वाटी त्यांनीच पुढे सरकवली. त्याला क्षमा म्हणायची की नुसतं पाहुण्याचं करणं, हे मी विचारलं नाही.

तर सांगितलं. लाकेर, तुझं नाव देणारा मी होतो. तुझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस नव्हता. बाकीच्या चोवीस जणांचंही मीच दिलं. संध्याकाळी प्रत्येकाच्या टेबलापाशी येऊन मी हेच पुन्हा म्हणेन, तुम्ही ऐकून घ्याल किंवा नाही घेणार.

साहेब, आता तुमच्याशी. खास सवलतीचं हे पत्र मी परत करतो, हे इथे टेबलावर ठेवलं. त्याच्याशेजारी हे दुसरं पान ठेवतो. तुमच्या जुन्या पत्रातलं वचन पाळा, एवढीच मागणी त्यात आहे. सोमवारपासून भाषांचे संपादक आपापल्या भाषेच्या गावी बसतील. लुगांडावाले इथेच असतील, त्यांची भाषा खिडकीबाहेरच आहे. पुस्तकं ठरलेल्या तारखेला येतील. एक दिवस उशीर झाला तर मला काढा. माझ्या नोकरीची चार वर्षं उरली आहेत, ती मी या पानावर ठेवली आहेत. तुम्ही म्हणता एकत्र बसल्यानं विश्वास वाढतो. तुमच्यासमोर बसून, तुमचा चहा पिऊन मी सव्वीस माणसांचा विश्वास मोडला. याहून जवळ कसं बसायचं, साहेब?

अमोंगिन मॅडम सोमवारपासून हेडमास्तरांच्या शाळेत पहिलीला शिकवणार आहेत. त्या मुलांचा मला हेवा वाटतो. थोडी त्यांची काळजीही वाटते.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आणि निदान मध्येच माईक बंद केला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. हेडमास्तर, इतक्या लांबून आलात, तुमचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात भाषेची काही चूक झाली असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढं पोटात घाला. जे सांगितलं त्यातला एकही शब्द मात्र मागे घेत नाही.

त्या पानावर सध्या एकच सही आहे, माझी, पूर्ण नावानिशी. खाली जागा भरपूर आहे. जेवणाची रांग या टेबलावरूनच जाते.

अरे, मॅडम उठल्या. मॅडम, तुमचा तर राजीनामा मंजूर झालाय, तुमच्या सहीचा इथे काय उपयोग? काय म्हणता? बरं. मंडळी, त्या म्हणताहेत, "सही करायची नाही; दुसऱ्या ओळीत चूक आहे; पेन द्या."