स्वखुशीचा कागद

सक्ती? छे हो, कोण करतंय सक्ती! — बसा ना साहेब, दारात उभं राहून काय लिहिताय — लेबर खात्याची माणसं चहा-कॉफी घेत नाहीत वाटतं? बरं, राहिलं. बफेलोतल्या कुठल्याही नर्सला विचारा, या रोझली वॉयटासनं कधी कुणावर आवाज चढवलाय का? अहो, सुपरवायझर आज झाले मी, पण हा कायदा व्हावा म्हणून दोन बस भरून आम्ही नर्सेस राजधानीला, ऑल्बनीला गेलो होतो, कडाक्याच्या थंडीत फलक धरून! ड्यूटी संपली की नर्सला जबरदस्तीनं थांबवायचं नाही — मला काय शिकवता? आता स्वखुशीनं थांबली तर गोष्ट वेगळी. म्हणून तर हा कागद. 'मी स्वखुशीने थांबत आहे.' खाली सही, जनेल प्रुइट. स्पष्ट आहे की नाही?

इन्सुलिन चुकलं, ते खरं. सोळावा तास, आणि आठवड्यातली तिसरी डबल ड्यूटी — एकाचं दुसऱ्याला टोचलं. म्हातारा वाचला, देवाची कृपा. पण वरचे म्हणतात, थांबली स्वखुशीनं, चुकली तीच, मग परवाना जाईल तोही तिचाच. मी नाही हं म्हणत! मला दहा महिन्यांत निवृत्त व्हायचंय, मी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

कसं विचारलं म्हणजे? विचारतात तसं. बर्फामुळे पुढच्या ड्यूटीची नर्स आली नव्हती. मी म्हटलं, जनेल, तू जा खुशाल, फक्त जाताना बारा नंबरच्या म्हाताऱ्याला तूच सांग, आता तुमच्याकडे बघायला कुणी नाही म्हणून. हो, तोच म्हातारा. एवढंच! — आणि हां, पेशंट टाकून गेल्याची तक्रार झाली तर परवाना जातो, हेही म्हटलं. माहिती म्हणून. दारात? दारात उभी होते, बरोबर. कुठंतरी उभं राहायलाच हवं ना माणसानं!

'नाही' म्हणाली? छे, 'नाही' असं म्हणालीच नाही ती. 'मला जमणार नाही, रोझली,' म्हणाली. 'डोळ्यांपुढं अक्षरं हलताहेत' म्हणाली. तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा तर रडतच — आणि मी तिच्या हातात पेन दिलं.

अहो, लिहिलंत काय ते? खोडा. खोडा म्हणते ना! बोलण्याच्या ओघात गेलं तोंडातून — दहा महिने राहिलेत हो माझे, एवढी वर्षं घासली मी इथं, आणि आता —

राहू द्या. नका खोडू. 'अक्षरं हलताहेत' हे तिच्याच शब्दांत ठेवा, तुमच्या सरकारी भाषेत नको. ती म्हणाली तेव्हाची वेळही घाला, दुपारचे सव्वातीन. झालं? मग उठा आता, साहेब. जा म्हणते ना — मी पुन्हा शहाणी व्हायच्या आत जा!