वाळवलेल्या रोपावरचं नाव

फूल सापडलं आमच्या ताईला, मग कागदावर तिच्या सरांचं नाव कसं? कॉलेजात सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी सरांच्या खोलीकडे बोट दाखवलं. वणीकडच्या चुनखडीच्या माळावर ताई तीन पावसाळे हिंडली. फुलाची जात नवीन निघाली, पण ते जाहीर व्हायच्या आत ताई डेंग्यूनं गेली. सर पुण्यातल्या पंख्याखालून हललेही नव्हते. वाळवलेल्या रोपाखालच्या चिठ्ठीवर मात्र ‘कोणाला सापडलं’समोर त्यांचंच नाव! ते रोप सरांच्या टेबलावर ठेवलं आणि जाब विचारला.

“अहो, विभागप्रमुखाचं नाव लावायची पद्धत असते,” सर म्हणाले. “ आपण किती शिकलात?”

“नववी नापास.”

“मग आपल्याला नाही कळायचं.”

“लिहिता येतं, सर,” म्हणालो. त्यांच्याच खिशातलं पेन ओढलं, चिठ्ठीवरचं त्यांचं नाव खोडलं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सुजाताताई’.