टाकी केवढी आहे?

तापाने फणफणलेलं बाळ मांडीवर घेऊन ती दवाखान्यात नंबराची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर एक इंजिनिअर आणि त्याची बहीण बोलत होते. बाळाच्या कपाळावरचा हात न काढता ती ऐकू लागली.

“दादा, शिकवायला लागल्यापासून फार थकलास रे.”

“पेपर तपासून थकलोय गं. कॉलेजच्या पोरांना घरी सोडवायला दिला होता. पाण्याच्या टाकीला खांब किती जाड हवेत, एवढाच प्रश्न. टाकी केवढी, तेच लिहायला मी विसरलो.”

“मग?”

“मग काय! बहुतेक सगळ्यांची उत्तरं आली, तीही एकसारखी. फोनमधल्या एआयने मनानेच टाकी ठरवली, पोरांनी डोळे झाकून उत्तर उतरवलं. फोनवर राग नाही माझा, मीही वापरतो. पण उद्या त्या टाकीखालून माणसं जाणार ना!”

“एकालाही कळलं नाही?”

“एका पेपरात उत्तरच नाही. ‘टाकी केवढी आहे?’ एवढंच विचारलंय. नावं झाकलेली, त्यामुळे कोण ते कळत नाही.”

बहीण बाकावर त्याच्याकडे वळून बसली.

“आमची ठकी पेपर दिल्यापासून धड जेवत नाहीये. कॉलेज सोडते म्हणते.”

“का?”

“गणित सुटलं नाही म्हणून. मी म्हटलं, मामाला विचार. तर म्हणे, पेपर मामाचाच आहे, ती चोरी होईल. म्हटलं, मग सगळ्यांसारखं फोनला विचार, फार शहाणपणा नको. ऐकलं नाही. उत्तराच्या जागी उलट प्रश्नच लिहून दिला.”

“कोणता?”

“तोच रे, दादा.”

“फोन लाव तिला.”

“काय सांगू?”

“तू काही सांगू नकोस. माझ्याकडे दे.”