क्लबच्या भोवतीची मिरची

जमीन विकून क्लब वाचवायची शक्कल ऐकली का तुम्ही? नंदुरबारच्या आमच्या जुन्या क्लबाचं छप्पर गळत होतं, म्हणून अध्यक्ष जिभाऊंनी भोवतीची जमीन विकून इमारत पहिल्यासारखी केली. जमीन मी घेतली. धंदा माझा मिरचीचा. हिवाळा लागताच क्लबच्या चारी बाजूंनी ओली मिरची वाळत घातली.

उद्घाटनाच्या सकाळी वारा सुटला. जिभाऊ शिंकत आले.

"अक्का, आजना दिन मिरची उचली ल्या. पाहुणा ई ऱ्हायनात, मन्ही इज्जतना प्रश्न शे."

"अर्धीच वाळेल शे, जिभाऊ. ढीग कया तर काळी पडी जाई."

"माले वाटनं, तुमी आठे बंगला बांधशात."

"मिरचीवालीले जमीन इकी, अन गुलाबनी वाट पाही ऱ्हायनात का?"

मिरची तिथेच राहिली आणि उद्घाटन झालं. जिभाऊंनी भाषणात गेलेल्या सभासदांची नावं घेतली, तसे सगळे डोळे पुसू लागले. प्रमुख पाहुण्यांनी नाकावरचा रुमाल काढलाच नाही. जमीन विकायला ज्यांनी कडाडून विरोध केला होता, ते म्हातारे बापू उठले आणि त्यांनी जिभाऊंना मिठी मारली. म्हणाले, "माले वाटे, तुले क्लबनी माया नही. आज तुले रडतांना देखं."

दुसऱ्या दिवशी जिभाऊ पुन्हा माझ्याकडे आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "अक्का, पुढला महिनामा हिशोबनी मीटिंग शे. तवलोंग मिरची ऱ्हाऊ द्या."