राहिलेला थांबा

इतकी वर्षं दुसऱ्या मार्गावर बस चालवलेल्या लमॉन्टचा शिकागोतल्या या मार्गावर पहिलाच दिवस. लेकीचा पहिला रॅप अल्बम कालच आला होता, आणि त्याच्या मागच्याच बाकावर दोन बायका त्याचंच बोलत होत्या.

“बारा गाणी, बाराही वेगळी. एकात कडाकडा भांडते, तर एकात चर्चमधल्यासारखी गाते.”

“शेवटच्यात तर बसवाला थांबे पुकारतो, ‘पाय जपून, राण्यांनो.’ त्याच तालावर ही बोलत सुटते.”

“असा नट कुठनं शोधला कोण जाणे. पण आपल्याकडचा एकही थांबा नाही हो.”

लमॉन्टने घसा खाकरला.

“एकोणऐंशीवा रस्ता. पाय जपून, राण्यांनो.”

दोघींनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. उतरताना थोरली दारात थबकली.

“पोरीला सांगा, भाऊ. पुढच्या खेपेला हा थांबाही घे म्हणावं.”